टाळ आणि पाऊल



मायबाप सज्जनहो, आज सेवेसाठी घेतलेला अभंग नामदेवरायांचा आहे. आपण सगळ्यांनी आत्ताच तो टाळ-मृदंगावर म्हटला. लहान पोरांनासुद्धा तो पाठ आहे, म्हणून चरण पुन्हा म्हणत नाही. महाराजांच्या त्या बोलण्यात दोन गोष्टी आल्या आहेत. एक पायांची आणि एक दिव्याची. कीर्तनात पाय नाचले पाहिजेत आणि लोकांत ज्ञानाचा उजेड पडला पाहिजे.

आता आम्ही कीर्तनकार काय करतो? दिव्यावर तास दीड तास बोलतो. ज्ञान म्हणजे काय, अज्ञान कशाला म्हणावं, वृत्ती किती, प्रमाणं किती. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं शिकलो, तेच शिकलो. जोग महाराजांनी 1917 साली लावलेलं ते झाड, त्याच्या सावलीत बसलो म्हणून आज चार शब्द बोलता येतात. पण पायांवर कोणी बोलत नाही. पाय म्हटलं की लोकांना वाटतं, त्यात काय समजावून सांगायचं? उठायचं आणि नाचायचं. मीही चाळीस वर्षं दिव्यावरच बोललो.

आज पायांवर बोलणार आहे. का? तर माझे गुडघे गेले. (हशा) हसता काय महाराज? डॉक्टर म्हणाले, आता उड्या बंद, पावली बंद, खाली मांडी घालणं बंद. मी म्हटलं, मग राहिलं काय? म्हणाले, बोलणं राहिलं. म्हणून आज बोलतो.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. नामदेवरायांनी पाय आधी सांगितले, दिवा मागून सांगितला. आपण असतो तर उलटं सांगितलं असतं. आधी ज्ञान मिळव, मग आनंद होईल, मग पाहिजे तर नाच. महाराजांचा क्रम तसा नाही. हा काही शब्द जुळवायला केलेला क्रम नाही. ते नामदेवराय आहेत, देवाशी बोलणारे. त्यांना माहीत आहे की माणूस डोक्यानं शहाणा व्हायच्या आधी पायानं शहाणा होतो.

कसा? असं बघा. लेकरू आईच्या पोटात असतं तेव्हा त्याला डोळ्यांचा उपयोग नाही. तोंडाचा नाही, हाताचा नाही. पण आईच्या काळजाचा ठोका त्याच्या अंगाला लागतो. माणसाचं काळीज मिनिटाला साधारण 72 ठोके घेतं. हिशेब करा, दिवसाचे लाखावर जातात. श्वास आपल्या शास्त्रानं मोजले आहेत, दिवस-रात्रीचे 21,600. म्हणजे लेकराला अजून नाव नाही, गोत्र नाही, अक्षर नाही, पण ताल आहे. जन्मल्यावर रडायला लागलं की आई त्याला काय देते? ज्ञान देते का? "बाळा, हा संसार असार आहे," असं सांगते का? (हशा) नाही. खांद्यावर घेते आणि पाठीवर थोपटते. थोपटताना तिनं कधी मात्रा मोजल्यात? आणि मध्येच हात थांबला की लेकरू डोळे उघडतं. झोपेतसुद्धा त्याला सम कळते, महाराज!

आमची आई पहाटे तीनला जात्यावर बसायची. पिठाची गिरणी गावात फार उशिरा आली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचो. जात्याचा एक फेरा, त्याच्याबरोबर अंग पुढं, अंग मागं, आणि त्या फेऱ्यावर ओवी. शेजारची मावशी समोरून खुंट्याला हात लावायची. आता ऐका, दोघींनी एक जातं ओढायचं म्हणजे काय? एकीनं जोर केला आणि दुसरीनं नाही केला तर हात पिरगळतो. दोघींचा जोर एकदम आला पाहिजे. मग तो एकदम आणायचा कसा? बोलून आणायचा का? "आता मी ओढते हं, आता तू ओढ," असं म्हणत बसल्या तर दळण कधी व्हायचं? ओवी त्यासाठी होती. ओवी म्हणता म्हणता दोघींचे खांदे एक होत. जातं थांबलं की कधी कधी ओवी अर्धी राहायची. आईला म्हटलं, पुढची सांग, तर म्हणायची, "बसल्याशिवाय आठवत नाही रे." ओवी तिच्या डोक्यात नव्हती. हातात होती.

माउलींनी एवढी मोठी ज्ञानेश्वरी सांगितली, शके 1212. सांगितली कोणत्या छंदात? ओवीत. संस्कृताची भारी भारी वृत्तं त्यांना येत नव्हती का? सगळं येत होतं. पण बायाबापड्यांच्या तोंडात जे नाव होतं, तेच त्यांनी ग्रंथाच्या छंदाला राहू दिलं. वेदान्ताची चर्चा पंडितांनी करावी, बरं का, पण तो वेदान्त बसला ओवीच्या पाटावर.

(येथे 'ज्ञानोबा माउली तुकाराम' असा गजर झाला.)

आता टाळ बघा. टाळकरी मंडळी, एक वाटी वर करा. एकच करा. वाजवा बरं. वाजते का? नाही वाजत. काशाची असेल, पाऊण शेराची असेल, पंढरपुरातून निवडून आणलेली असेल, एकटी वाटी वाजत नाही. चार आणे वजन जास्त का कमी, हा पुढचा प्रश्न. आधी दुसरी पाहिजे. आणि दोघींमध्ये दोरी पाहिजे. तीही नुसती घट्ट असून चालत नाही. हातात खेळली पाहिजे.

तसाच मृदंग. आमचे मृदंगमणी कीर्तनाआधी काय करत होते, कोणी बघितलं? कणीक मळत होते. लेकरांना वाटतं, महाराज भाकरी करतात की काय. (हशा) डाव्या पुडीला ओली कणीक लावल्याशिवाय तिचा आवाज भरत नाही. उजवीला शाई आहे ती कायमची, पण डावीची कणीक रोज नवी मळावी लागते. कालची वाळली, ती आज चालत नाही. मला ही गोष्ट फार आवडते. ज्या धान्यानं पोट भरतं, त्याच धान्यानं मृदंग बोलतो.

आता कोणी म्हणेल, महाराज, नाचतात तर सगळेच. मोर नाचतो. नाग डोलतो. झाडाची फांदी वाऱ्यानं हलते. मग माणसाच्या नाचण्याचं एवढं काय? खरं आहे, मोर नाचतो, आपल्यापेक्षा सुंदर नाचतो. पण मोर कधी शेजारच्या मोराच्या पावलाशी आपलं पाऊल जुळवतो का? दहा मोर एका ओळीत उभे राहून एकदम डावा पाय पुढं टाकतात, असं कोणी पाहिलं आहे? मोर लांडोरीपुढं नाचतो, दुसऱ्या मोराला हरवायला नाचतो. माणसाला देवानं आणखी एक गोष्ट दिली. दुसऱ्याचं पाऊल पडतं तेव्हाच आपलं पाडायची.

एकदा जव्हारकडे कीर्तनसेवा होती. मुक्कामाला ज्यांच्याकडे होतो ते शिक्षक म्हणाले, महाराज, रात्री पाड्यावर तारपा आहे, येता का? गेलो. तारपा म्हणजे वाळलेल्या दुधी भोपळ्याचं लांब वाद्य, तोंडानं फुंकून वाजवतात. वाजवणारा मधे, आणि त्याच्याभोवती बाप्ये, बाया, पोरी, एकमेकांच्या कमरेत हात घालून एक साखळी. वारली लोक भिंतीवर जे चित्र काढतात ना, गोल गोल माणसांचं, ते समोर जिवंत बघितलं. मधला माणूस वळला की साखळी वळते. तो सावकाश झाला की साखळी सावकाश. पाय आपटले की जमीन एकदाच वाजते. पन्नास माणसं असतील, पण आवाज एक! तिथं टाळ नाही, मृदंग नाही, अभंग नाही. मी आपला वीणेकरी संप्रदायातला माणूस, बाजूला उभा. एका आजीनं माझा हात धरला आणि ओढलं. फेटा होता, उपरणं होतं, अंगरखा होता. मनात आलं, लोक काय म्हणतील? आणि मंडळी, खरं सांगतो, पहिले चार फेरे माझा पाय चुकला. का चुकला? पखवाज चांगला येतो मला, लय कळते. चुकला यासाठी की मी स्वतःकडे बघत होतो. पाचव्या फेऱ्याला आजीच्या पायाकडे बघितलं आणि जमलं.

आपल्या वारीत तेच आहे. वारी बाहेरून बघणाऱ्याला गर्दी दिसते. गर्दी नाही ती, ओळ आहे. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज, त्यांनी 1685 साली पालखीची पद्धत घातली. पुढे हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची घडी बसवली. हैबतबाबा कोण? ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. फौजेतला माणूस. फौजेची शिस्त त्याला ठाऊक. ओळ ठाऊक, इशारा ठाऊक. त्यांनी ती शिस्त घेतली आणि तलवारीच्या जागी टाळ दिला. शिपाई ओळीत चालतो तेही तालावर, वारकरी ओळीत चालतो तेही तालावर. पण शिपायाला मध्येच फुगडी घालता येत नाही. (हशा)

फुगडीचं मोल मोठं आहे. नाथ महाराजांनी फुगडीवर रूपक केलं, पिंग्यावर केलं, कारण ते पैठणच्या गल्लीतून डोळे उघडे ठेवून जात होते. वारीत तुम्ही बघता, साठ वर्षांची बाई आणि सोळा वर्षांची पोर फुगडी घालतात. ओळख ना पाळख. हाताची कात्री करतात, पाय जवळ घेतात आणि मागं रेलतात. मागं रेलल्याशिवाय फुगडी फिरत नाही. आता जी मागं रेलली तिला कोणी धरलं आहे? समोरचीनं. समोरचीला कोणी? हिनं. एकीनं हात सोडला तर दोघी पडतात. सासू-सुनांनी घरी वर्षातून एकदा फुगडी घालावी, निम्मी भांडणं मिटतील. (हशा) राहिलेली निम्मी मिटायची नाहीत, ती विठोबालाही मिटवता येत नाहीत, रखुमाई अजून वेगळ्या गाभाऱ्यात उभी आहे. (मोठा हशा, 'विठोबा रखुमाई' असा गजर.)

आणि रिंगण! तुकोबारायांच्या पालखीला काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. धनगर बांधव आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवतात. मुकी जनावरं, त्यांना काय कळतं म्हणाल तर म्हणा. धनगराची सेवा काय? त्याचं धन मेंढी, तेच तो देवाभोवती फिरवतो. माउलींच्या रिंगणात अश्व धावतो. एका अश्वावर स्वार असतो, दुसरा मोकळा. त्या मोकळ्या अश्वावर माउली बसतात असं आपण मानतो. अश्व धावून गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आणि मग काय सुरू होतं? मग टाळकरी, मृदंगवाले एका ठिकाणी गोळा होतात आणि उडीचे खेळ होतात. शेकडो टाळ, पण झणकार एक. तिथं कोण मामलेदार, कोण गडी, कोण वकील? पाय धुळीनं सगळ्यांचे एकाच रंगाचे होतात.

इतकं सांगून झालं म्हणजे मला वाटायला लागतं की मला सगळं कळलं. तिथंच घात होतो. म्हणून आता जे सांगायचं ठरवून आलो आहे, ते सांगतो. पस्तीस-चाळीस वर्षं झाली, कीर्तनात कधी सांगितलं नाही.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. आळंदीहून शिकून आलेलो, गळा चांगला, पाठांतर चांगलं, आणि तालाचा मोठा अभिमान. मृदंगाला जरा लय सरकली तर मी मान वळवून बघायचो. लोक म्हणायचे, महाराज तालाला फार पक्के. ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं. बालाघाटाच्या डोंगराखालचं एक गाव, तिथं हरिनाम सप्ताह. मला तीन दिवसांची कीर्तनं दिली. पहिल्या दिवशी मी औंढ्या नागनाथाची कथा लावली. आपल्याला ठाऊक आहे ती. नामदेवराय देवळापुढं कीर्तन करत नाचत होते. पूजाऱ्यांना ते खपलं नाही. तुझी जागा ही नाही, मागं जा, म्हणाले. महाराज भांडले नाहीत. देवळाच्या मागं गेले आणि तिथं नाचायला लागले. तेव्हा देऊळच फिरलं, देवानं आपलं तोंड मागं केलं. ही कथा मी अशी रंगवली की बाया रडल्या. मीही रडलो. चांगलं रडता यायचं मला तेव्हा.

तिसऱ्या दिवशी काय झालं? मागं टाळकऱ्यांच्या दोन ओळी होत्या. डावीकडच्या ओळीत शेवटी एक बाबा. वय साठीचं, डोक्याला मळका पटका, हातात जुने टाळ. पावली सुरू झाली की त्यांचं पाऊल अर्धी मात्रा मागं पडायचं. टाळही अर्धी मात्रा मागं. सगळ्यांचा झण्ण झाला की मागून एक खण्ण. मला तो खण्ण कानात खुपायला लागला. एकदा बघितलं. दोनदा डोळे मोठे केले. बाबा माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, मुद्दाम करतात. मग मी चाल थांबवली. आणि समोर लाउडस्पीकर होता मंडळी, त्याच्यात बोललो, "बाबा, नाचता येईना अंगण वाकडं. ताल नसेल तर टाळ खाली ठेवा, दुसऱ्याचं कीर्तन बिघडवू नका."

सगळा मंडप हसला.

आणि बाबा काय करतात? तेही हसले. सगळे हसतात हे बघून हसले. मान डोलावली, आणि टाळ पुन्हा उचलला, आता सुरू होईल म्हणून. शेजारच्या पोरानं त्यांच्या हातातले टाळ काढून घेतले. तेव्हा त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. ते मी बघितलं. बघितलं आणि पुढचा चरण उचलला. कीर्तन छान झालं, सगळे म्हणाले.

रात्री पंगतीला विणेकरी माझ्या शेजारी होते. भाकरी मोडता मोडता सहज म्हणाले, "महाराज, त्या बाबाला ऐकू येत नाही. पोरवयात तापात कान गेले. पुढच्याचे पाय बघतो आणि त्याच्यावर पाय टाकतो."

म्हणून अर्धी मात्रा मागं. समजलं का? पुढच्याचं पाऊल पडणार, मग ते त्यांच्या डोळ्यांना दिसणार, मग त्यांचं पडणार. कानावाटे यायचं ते डोळ्यावाटे यायला तेवढा वेळ लागतो. पन्नास वर्षं तो माणूस न ऐकता नाचत होता. त्याच्या कानात टाळ नाही, मृदंग नाही, माझा चांगला गळा नाही. माझं पाठांतर नाही, हे तर बरंच झालं. त्याला फक्त माणसांचे पाय दिसत होते. आणि मी, तालाचा पक्का, त्याला म्हणालो, तुला ताल नाही.

घास गिळवेना. तसाच उठलो, त्यांच्या घरी गेलो. बाहेर ओट्यावर बसले होते. पाया पडलो. वारकऱ्याची रीत तुम्हाला ठाऊक, मी वाकलो तसे तेही वाकले, दोघांची डोकी आपटली. मी टाळ पुढं केले. मंडपातून आणले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. घेतले नाहीत. रागावले नव्हते. नातवानं मला सांगितलं, "आजा म्हणतोय, महाराजांचं कीर्तन बिघडतंय." कोणी तरी त्यांना खुणा करून समजावलं होतं ना, मी काय बोललो ते.

दुसऱ्या दिवशी काल्याला आले होते. मृदंगाजवळ बसले, जमिनीला तळहात लावून. टाळ घेतले नाहीत.

आता तुम्ही सांगा, त्या औंढ्याच्या कथेत मी कोण? पहिल्या दिवशी सांगताना मला वाटत होतं मी नामदेवरायांच्या बाजूचा. तिसऱ्या दिवशी मी मागं जा म्हणणारा झालो. दोन दिवसांत! कथा पाठ होती, पण कथेनं मला पाठ दाखवली. (शांतता)

भागवतात दशमस्कंधात रासाचे पाच अध्याय आहेत, एकोणतीस ते तेहेतीस. त्यावर लोक नाना तऱ्हेचं बोलतात, बोलू द्या. मी त्यातलं एवढंच सांगतो. गोपींनी घर सोडलं, लोकलाज सोडली, सगळं सोडून त्या देवाकडे आल्या. आणि मग त्यांच्या मनात आलं, आमच्यासारख्या आम्हीच. तेवढं मनात यायचा अवकाश, देव दिसेनासा झाला. मग रानभर शोध. झाडांना विचारतात, वेलींना विचारतात. कशानं शोधतात? उमटलेल्या त्याच्या पावलांनी. बघा महाराज, शुकाचार्यांनी काय ठेवलं आहे तिथं! देव गेला, पण पाऊल राहिलं. पाऊल बघत बघत जायचं. गोड बोलणं, चातुर्य, रूप, काही कामाला आलं नाही. आणि खरा रास, तो मोठा गोल, मंडल धरून, एकमेकींचे हात धरून, तो नंतर झाला आहे. आधी अभिमान होता तेव्हा रास मांडलाच गेला नाही. मी हे पाच अध्याय गुरूंकडे बसून शिकलो होतो. त्या बाबांनी अक्षर वाचलं नव्हतं. पण पुढच्याचं पाऊल बघत जायचं, हे त्यांना येत होतं.

हल्ली लोक मला विचारतात, महाराज, पोरं डीजेपुढं नाचतात, तुम्ही काही बोलत का नाही? बोलतो. छातीत धडधड होते, म्हाताऱ्यांना त्रास होतो, घराच्या खिडक्या हादरतात, हे खरंच वाईट आहे आणि बंद झालं पाहिजे. तिथं कोणी कोणाच्या पायाकडे बघत नाही, हेही खरं. पण पोरांना शिव्या देताना माझी जीभ अडखळते. त्या सोळा वर्षांच्या पोराच्या पायात नाच आहे, तो जाणार कुठं? देवळात आला असेल, ओळीत उभा राहिला असेल, त्याचं पाऊल चुकलं असेल, आणि कोणी तरी माझ्यासारखा तालाचा पक्का त्याला म्हणाला असेल, टाळ खाली ठेव. एकदा ठेवलेला टाळ पुन्हा हातात घेत नाहीत लोक. हे मी बघितलं आहे.

त्या गावाला पुन्हा दोनदा गेलो. पहिल्या वेळी बाबा शेतावर होते. दुसऱ्या वेळी आले, मंडपात बसले, तळहात जमिनीला. मी टाळ देऊ केले नाहीत. धीर झाला नाही.

मग पाच-सहा वर्षांनी आषाढी. बाजीरावाच्या विहिरीजवळचं रिंगण. अश्व धावून गेला, माती कपाळाला लावून झाली, आणि दिंड्यादिंड्यांचे खेळ सुरू झाले. मी आपला फिरत होतो, ऊन मोठं होतं, उपरणं डोक्यावर घेतलेलं. एका दिंडीतून आवाज आला. झण्ण, आणि मागून खण्ण.

वळून बघतो तर बाबा! हातात टाळ. ते जुनेच. कोणी दिले, कधी दिले, कसे घेतले, मला काही ठाऊक नाही. गावच्या पोरांनी दिले असतील. पांडुरंगानं दिले असतील. ओळीत शेवटी उभे होते. पुढं एक तरणा पोरगा, तो गुडघा चांगला उचलून, पाय मोठा मोठा टाकत होता. ओळीतल्या दुसऱ्या कोणाचा तेवढा उचलत नव्हता. मला वाटतं मागच्याला दिसावा म्हणून टाकत होता. बाबांचे डोळे त्याच्या टाचेवर. एक पाऊल पुढं, एक मागं, गिरकी, उडी. अर्धी मात्रा मागं. साठी कधीच ओलांडलेली. तोंडावर असं हसू की मंडपातलं ते जुनं हसू मला आठवलं आणि पोटात कालवलं.

मी त्यांच्या समोर गेलो नाही. समोर गेलो असतो तर ते वाकले असते, मी वाकलो असतो, नाच थांबला असता. मी मागं गेलो. ओळीत शेवटी ते, त्यांच्या मागं मी. जवळच्या माणसाकडून टाळ मागून घेतले. आणि त्यांचे पाय बघायला लागलो. काळे, भेगा पडलेले, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. ते पाऊल टाकतील तेव्हा मी टाकायचं असं ठरवलं. म्हणजे काय झालं? ओळ समेवर. बाबा अर्धी मात्रा मागं. आणि मी त्यांच्याही मागं. झण्ण, खण्ण, आणि त्याच्या मागून आणखी एक खण्ण. मला लहानपणापासून कानात जी लय पक्की बसली होती, ती मला ओढत होती, सम गाठ, सम गाठ म्हणत होती. पंधरा मिनिटं मी सम चुकवली. आयुष्यात एवढा अवघड ताल मी धरला नाही.

त्यांना मागं कोण आहे हे कळलं नाही. ते पुढं बघत होते. मागं वळून बघायची त्यांना गरज काय?

थोड्या वेळानं माझ्या मागं एक लहान पोर येऊन उभं राहिलं. सात-आठ वर्षांचं. त्यानं माझे पाय बघितले आणि तसंच करायला लागलं.

मंडळी, वेळ झाला. मृदंगमणी, डावी पुडी बघून घ्या, कणीक वाळली असेल. टाळकरी मंडळी, उठा. लय सावकाश ठेवा आज, घाई करू नका. मंडपाच्या मागं बसलेल्यांनी पुढं या, पुढच्यांनी जागा द्या. ज्याच्या हातात टाळ नाही त्यानं टाळी वाजवा. माझे गुडघे उठत नाहीत, मी वीणा धरून इथंच उभा राहतो आणि तुमच्या पायांकडे बघतो.

विठ्ठल विठ्ठल विठ्ठल...